शिआनला पहिल्यांदाच जातोय, पाच दिवस एकाच शहराला दिले तर जास्त होतील का?

फोंड्याची बाई

नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवते, सोळा वर्षं झाली. दरवर्षी हर्षवर्धन आणि दुसरा पुलकेशी आला की त्यांच्यामागून तो चिनी भिक्षू येतोच, पुस्तकात युआन श्वांग लिहितात, माझे बाबा अजून ह्युएनत्संगच म्हणतात. मी मुलांना सांगते की तो पायी, घोड्यावर, वाळवंट ओलांडून आला, नालंदाला शिकला, आपल्या महाराष्ट्र देशाबद्दल लिहून गेला की इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, आणि ६४५ साली परत गेला तेव्हा सोबत ६५७ ग्रंथ होते. तर यंदा एका मुलीने हात वर करून विचारलं, बाई एवढे ग्रंथ नेऊन त्याने ठेवले कुठे? उत्तर मला माहीत होतं, छांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला, तिथे त्यासाठी पॅगोडा बांधला. पण सांगताना एकदम जाणवलं की मी हे सगळं वाचलेलंच सांगतेय. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरतंय, नरकासुर जाळून झाला की दोन-तीन दिवसांनी निघायचं. मी, नवरा, नववीतला मुलगा आणि माझे बाबा. बाबा ७१ वर्षांचे, गुडघा दुखतो, आणि पूर्ण शाकाहारी. मुलाला फक्त ते मातीचे सैनिक बघायचेत. पणजीतला एजंट म्हणतो आठ दिवसांत बीजिंग, शांघाय, शिआन तिन्ही करा, त्यात शिआनला दीड दिवस. मला मात्र पाचही दिवस शिआनलाच काढावेत असं वाटतंय. वेडेपणा होईल का? व्हिसा, पैसे, फोन, थंडी, बाबांचं जेवण, जे माहीत असेल ते सांगा प्लीज. आमच्यापैकी कोणीच चीनला गेलेलं नाही.

पर्वरीहून

बाई, अजिबात वेडेपणा नाही. मी कामानिमित्त चीनला जाऊन येऊन असतो आणि शिआनला दोनदा मुद्दाम राहिलोय. आधी रुक्ष गोष्टी सांगून टाकतो कारण तिथे जाऊन त्यांनीच माणूस अडतो.

व्हिसा आपल्याला लागतोच. इंटरनेटवर ते २४० तासांचं व्हिसा-फ्री ट्रान्झिट वाचून फसू नका, त्या देशांच्या यादीत भारत नाही. टूरिस्ट व्हिसा एल प्रकारचा, फॉर्म ऑनलाइन भरायचा, हॉटेलचं बुकिंग आणि जायचं-यायचं तिकीट जोडायचं, पण बुकिंग कॅन्सल करता येईल असंच करा. निदान दीड महिना आधी कामाला लागा.

विमान म्हणाल तर २०२५ च्या ऑक्टोबरपासून भारत-चीन थेट विमानं परत सुरू झालीत, कोलकाता आणि दिल्लीहून ग्वांगझौ, दिल्लीहून शांघाय अशी, पण गोव्याच्या माणसाला क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे थेट शिआनला उतरणं जास्त सोपं पडतं. फक्त एक बघा, दोन वेगळी तिकिटं काढलीत तर मधल्या विमानतळावर बॅगा घ्यायला बाहेर यावं लागतं आणि मग त्या देशाचे प्रवेशाचे नियमही लागू होतात, बाबा सोबत आहेत म्हणून चार पैसे जास्त गेले तरी एकाच तिकिटावर या.

पैसे. तिथे भाजीवाल्यापर्यंत सगळे क्यूआर कोडवर चालतात पण आपलं यूपीआय तिथे कामाचं नाही. अलीपे हे ॲप घरूनच टाका, पासपोर्टने व्हेरिफाय करा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, रुपे नको. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा, तो बंदच असतो, आणि हे घरूनच करायचं कारण ओटीपी इथल्या नंबरवर येतो. २०० युआनच्या आतल्या व्यवहाराला अलीपे जास्तीचा चार्ज घेत नाही, वर गेलात की ३ टक्के लागतात, म्हणून जेवणाची बिलं दोघांनी वेगवेगळी भरली तरी चालतं. नवऱ्याच्या फोनवरही वेगळं खातं करा, एक फोन बंद पडला की चौघं रस्त्यात. थोडी रोख ठेवा.

फोन. गुगल, व्हॉट्सॲप, इन्स्टा हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. पण आपल्या सिमचं रोमिंग पॅक किंवा बाहेरच्या कंपनीचं ई-सिम घेतलंत तर त्या डेटावर चालतं. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा डाउनलोड करूनच निघा.

आणि पॉवर बँक! हे कोणी सांगत नाही. २८ जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत ३सी शिक्का (चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राचा) नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत, आणि इथे घेतलेल्या पॉवर बँकेवर तो शिक्का सहसा नसतो. ट्रेननेच फिरणार असाल तर प्रश्न नाही, नाहीतर सिक्युरिटीला काढून ठेवावी लागेल.

थंडीबद्दल, नोव्हेंबरच्या मध्याला दिवसा १२-१३ डिग्री, रात्री ३-४ पर्यंत उतरतं. आपल्या दिवाळीच्या पहाटेच्या गारव्यावर जाऊ नका. शहराचं सरकारी हीटिंग १५ नोव्हेंबरला सुरू होतं, त्याआधी पोचलात तर हॉटेलला खोलीतला एसी गरम हवा देतो का ते आधीच विचारून घ्या, बाबांच्या गुडघ्यासाठी सांगतोय. धुरकंही असतं त्या दिवसांत, मास्क ठेवा.

मांडवीकाठ

मी आणि मिस्टर दोघं रिटायर्ड, आम्ही नेमकी तीच चूक केली जी तुमचा एजंट सुचवतोय. एका टूर कंपनीबरोबर गेलो, तीन शहरं आठ दिवस. शिआनला दुपारी पोचलो, दुसऱ्या दिवशी सकाळी टेराकोटाच्या वाटेवर आधी एका कारखान्यात नेऊन दीड तास बसवलं, खरेदी करा म्हणून, आणि मग पिट नंबर एकला, म्हणजे सैनिकांच्या सगळ्यात मोठ्या खड्ड्याला, फक्त पंचवीस मिनिटं दिली. पॅगोडा बसच्या खिडकीतून दाखवला, गाइड म्हणाला डावीकडे बघा, आणि मी बघेपर्यंत सिग्नल सुटला. ह्युएनत्संगचा पॅगोडा गो! मी रात्री हॉटेलात खरंच रडले. पुढच्या वर्षी आम्ही दोघंच परत गेलो, फक्त शिआनला, सहा दिवस, आणि एकही दिवस जास्त वाटला नाही.

म्हणून सांगते, सैनिकांना अर्धा दिवस पुरत नाही, अख्खा दिवस द्या. शहरापासून ३५-४० किलोमीटर पूर्वेला आहे, मेट्रोची ९ नंबरची लाइन घेऊन ह्वाछिंग छ स्टेशनला उतरायचं आणि पुढे सिटी बस. स्टेशनबाहेर माणसं मागे लागतात, आमच्या गाडीतून चला, स्वस्तात दाखवतो, त्यांच्याबरोबर जाऊ नका, भलतीकडेच नकली पुतळे दाखवायला नेतात. तिकीट १२० युआन, पासपोर्ट नंबर देऊन आधी ऑनलाइन घ्यायचं, आणि पासपोर्ट चौघांचेही जवळ ठेवा, झेरॉक्स चालत नाही.

आत गेल्यावर बहुतेक लोक पहिल्या पिटमध्ये घुसून फोटो काढून परततात. आम्ही उलटं केलं, आधी तीन नंबर, तो सगळ्यात लहान, सेनापतींच्या ठाण्याचा, मग दोन, मग एक. एक नंबर शेवटी बघितला की मग तो अंगावर येतो, २३० मीटर लांब हॉल, ओळीमागून ओळी. मुलाला हे सांगा की हे असेच उभे सापडले नाहीत, छप्पर कोसळून, मोडतोड होऊन जवळजवळ सगळ्यांचे तुकडे झाले होते, एकेक जोडून उभा केलाय, आणि पिटच्या मागच्या बाजूला अजून जोडायचं काम चालू असतं तिथे थांबायला सांगा. मार्च १९७४ मध्ये शेतकरी विहीर खणत होते तेव्हा पहिला तुकडा लागला, ती जागाही दाखवतात. मूळ रंगीत होते सगळे, पण माती बाजूला होऊन हवा लागली की रंग काही मिनिटांतच सुकून गळून पडायचा. ज्याच्यासाठी हे सैनिक केले त्या चीनच्या पहिल्या सम्राटाची, छिन श-ह्वांगची, समाधी मात्र अजून उघडलेलीच नाही, नुसती टेकडी दिसते झाडांची. त्याच तिकिटावर तिकडे बस नेते, तिथे ब्राँझचे दोन रथ आहेत, १९८० साली सापडलेले, खऱ्याच्या अर्ध्या आकाराचे. लगाम सुद्धा धातूचे, बारीक मण्यांसारखे ओवलेले. माझ्या मते सैनिकांपेक्षा ते रथ बघण्यासारखे.

बाबांना चालणं खूप पडेल, गेटपासून इलेक्ट्रिक गाडी मिळते ती घ्या, पैसे वाचवू नका.

मंगेशीची सून

बाबांच्या जेवणाचं मी सांगते, सासूबाईंना घेऊन गेले होते, त्या कांदा लसूण खातात पण अंडंही नाही.

पहिलं म्हणजे शिआन हे गव्हाचं शहर आहे, भाताचं नव्हे. आपल्याला दोन दिवसांनी शीत-कडीची आठवण येणारच, पण शाकाहारी माणसाचं त्या गव्हामुळेच निभतं. लिआंगपी म्हणून थंड पट्ट्यांसारख्या नूडल्स असतात, व्हिनेगर आणि लाल मिरचीचं तेल घालून, वर काकडी आणि मोड आलेले मूग, त्या मांसाशिवायच असतात, सासूबाईंनी रोज खाल्ल्या. बिआंगबिआंग नूडल्स, कमरेच्या पट्ट्याएवढ्या रुंद, त्यावर मिरची-लसूण घालून गरम तेल ओततात, त्या बिनमांसाच्या मागता येतात. त्या नावाचं चिनी अक्षर मुलाला लिहायला सांगा, पन्नासहून जास्त रेघा आहेत. गोडात पर्सिमनची तळलेली पोळी, आत तीळ, अक्रोड वगैरे सारण, आपल्या पुरणाची आठवण येते.

पण नुसतं मांस नको म्हणून भागत नाही हो. त्यांच्या दृष्टीने सूप म्हणजे हाडांचा रस असला तरी वर तुकडा दिसत नाही म्हणजे झालं. म्हणून चिनीत लिहून घ्या, मी शाकाहारी आहे, मांस, मासे, अंडी, हाडांचं सूप, प्राण्यांची चरबी काहीच नको, असं अख्खं वाक्य भाषांतर करून फोनवर फोटो ठेवा आणि दुकानात दाखवा. माणसं चांगली आहेत, वाचून लगेच मान हलवतात किंवा सरळ नाही म्हणतात. देवळांच्या आसपास शुद्ध शाकाहारी जेवणघरं असतात तिथे बाबा निर्धास्त जेवतील.

फराळ न्या. चिवडा, चकली, शंकरपाळे, मेतकूट, लोण्याशिवायचं काहीही. ताजी फळं, मांस, दुधाचे पदार्थ चीनमध्ये न्यायला बंदी आहे, पेढे-तूप काढून ठेवा.

तुम्ही तिघं खाणारे असाल तर मुस्लीम मोहल्ल्यात पाओमो खा. वाटी आणि जाड रोटी हातात देतात, ती स्वतः वाटाण्याएवढे तुकडे करून चुरायची, मग आत नेऊन मटणाच्या रश्शात शिजवून आणतात. आमच्या ह्यांनी मोठे तुकडे केले तर वेटरने मान हलवून वाटी परत दिली, अजून बारीक करा म्हणाला. मेन रस्ता फार गर्दीचा आहे, आतल्या गल्लीत शिरा, आणि तिथली मोठी मशीद चुकवू नका. ७४२ सालची स्थापना सांगतात, आजच्या इमारती बऱ्याचशा मिंग राजवटीच्या काळच्या, आणि घुमट बिमट नाही, लाकडी कौलारू चिनी वाडाच, एकामागून एक चौक. आपल्याकडची देवळं बघितलेल्या माणसाला, म्हणजे घुमट आणि दीपस्तंभ असलेली मंगेशी-शांतादुर्गा, त्याला हे लगेच कळतं की प्रार्थनेचं घर त्या त्या गावच्या गवंड्याच्या हातचंच होतं.

फोंड्याची बाई

देव बरें करूं सगळ्यांना, मी वहीत उतरवून घेतेय. मांडवीकाठ ताई तुमचं वाचून एजंटाला नाही सांगून टाकलं. आता पॅगोडाचं कोणी नीट सांगेल का? वर चढता येतं का, बाबांना जमेल का, आणि खरं म्हणजे त्या मुलीचा प्रश्न, ते ग्रंथ आता तिथे आहेत का?

आगशीहून

उशीर झाला उत्तर द्यायला. हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे लांबेल, सांभाळून घ्या.

ग्रंथ, म्हणजे नेलेल्या मूळ संस्कृत पोथ्या, आज तिथे नाहीत. पण त्याने परत जाऊन उरलेली १९ वर्षं भाषांतरातच घालवली, ७५ ग्रंथ, १३३५ खंड, आणि ते टिकले. आपल्याकडे मूळ संस्कृत नाहीसं झालेले कितीतरी ग्रंथ आज फक्त त्या चिनी भाषांतरात आहेत. तेव्हा त्या मुलीला सांगा की ठेवले पॅगोडात, पण वाचले भाषांतराने.

पॅगोडा ६५२ सालचा, मोठा हंस पॅगोडा, चिनीत दायानथा, त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे. आज सात मजले, ६४ मीटर. आतून लाकडी जिना आहे, वर जायला वेगळं तिकीट, लिफ्ट नाही. बाबांना वर नेऊ नका, त्यांना खाली दक्षिणेच्या दरवाजापाशी थांबवा, कारण खरी वस्तू खालीच आहे. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना काळे शिलालेख बसवलेत, ६५३ सालचे. युआन श्वांगच्या भाषांतराला खुद्द सम्राट ताइझोंगने प्रस्तावना लिहिली, त्याच्या मुलाने आणखी एक लेख लिहिला, ते दोन्ही तिथे कोरलेत, आणि अक्षर इतकं देखणं की चिनी लोक सुलेखन शिकताना आजही ते गिरवतात. राजाने प्रस्तावना लिहिलेला ग्रंथ आणि तो आपल्या देशातून गेलेला, तिथे उभं राहिल्यावर काय होतं ते मी लिहू शकत नाही. संध्याकाळी बाहेर कारंजं आणि दिव्यांचा रस्ता असतो, मुलाला आवडेल, पण आवारात सकाळी उघडल्या उघडल्या जा.

आता एक जागा सांगतो जी पॅकेजवाले नेत नाहीत. शहरापासून २० एक किलोमीटर दक्षिणेला शिंगज्याओ नावाचं देऊळ आहे. युआन श्वांग ६६४ साली गेला, त्याच्या अस्थी पुढे तिथे पुरल्या. विटांचे तीन छोटे पॅगोडा, मधला त्याचा, दोन्ही बाजूंना दोन शिष्य, त्यातला एक कोरियाचा. २०१४ पासून जागतिक वारशात आहे तरी आम्ही गेलो तेव्हा आम्ही चौघं आणि झाडणारा एक भिक्षू एवढेच. टॅक्सी करून जा आणि परतीसाठी तिलाच थांबवून ठेवा. आम्ही भारतातून आलो म्हटल्यावर त्या भिक्षूने झाडू बाजूला ठेवून हात जोडले. बाबांना इथे नक्की न्या, चढउतार फारसा नाही.

तिसरी जागा बेइलीन, म्हणजे शिलालेखांचं वन, दक्षिण वेशीजवळ तटाच्या आतच. १०८७ पासून शिलालेख जमवलेत. तिथे ७८१ सालचा एक उंच शिलालेख आहे, माथ्यावर छोटा क्रॉस, खाली चिनी मजकूर आणि कडेला सीरियाक लिपी. इराणकडून आलेला आलोपेन नावाचा ख्रिस्ती धर्मोपदेशक ६३५ साली छांगआनला पोचला आणि ताइझोंगने त्याला परवानगी दिली असं त्यात आहे. हिशोब करा, ६३५ ला युआन श्वांग आपल्या देशात फिरत होता! आणि हे मला इतकं का लागलं ते सांगतो, आमच्या आगशीला २००१ साली जुन्या इराणची पहलवी लिपी कोरलेला एक जुना दगडी क्रॉस सापडला, तोही त्याच पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेचा. एका टोकाला छांगआन आणि दुसऱ्या टोकाला आमची जुवारी नदी. लहानपणापासून ऐकत आलो की गोंयचो सायब, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, चीनच्या दाराशी, शांगछुआन बेटावर १५५२ साली वारला आणि आत जाऊ शकला नाही, तर त्याच्या नऊशे वर्षं आधी कोणीतरी पोचलेलं होतं. मी त्या दगडासमोर पाऊण तास बसलो होतो.

तटबंदीही बघा, मिंग काळची, १३७० च्या दशकातली, सुमारे पावणेचौदा किलोमीटरचा पूर्ण वेढा आणि वरून बारा-चौदा मीटर रुंद. मुलगा आणि बाबा (मुलाचे) सायकल भाड्याने घेऊन चक्कर मारतील, आजोबांसाठी वर इलेक्ट्रिक गाडी असते.

पर्वरीहून

वरचं वाचून मीच परत जाईन असं वाटतंय, शिंगज्याओ माझं दोन्ही वेळा राहिलं.

दोन गोष्टी राहिल्या. शाआंशी हिस्टरी म्युझियम फुकट आहे पण आधी बुकिंग लागतं, स्लॉट काहीच दिवस आधी उघडतात आणि लगेच संपतात, सोमवारी बंद. नाही मिळालं तर छोट्या हंस पॅगोडाच्या आवारातलं शिआन म्युझियम बघा, तेही सुंदर आहे आणि तो पॅगोडा १५५६ च्या भूकंपात वरचं टोक गमावून तसाच उभा आहे. राहायला घंटाघराजवळ किंवा दक्षिण वेशीजवळ, मेट्रोच्या २ नंबर लाइनवर, म्हणजे रात्री बाबांना घेऊन लांब फिरावं लागणार नाही. हॉटेलात पासपोर्ट घेऊन पोलिसांकडे नोंद करतात, घाबरू नका, सगळ्या परदेशी लोकांची करतात.

आणि कोणाच्या घरी पोर्तुगीज पासपोर्टवाले असतील तर त्यांना सध्या ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, मुदत बघून घ्या. एकाच घरात दोन पासपोर्ट असले तर सगळ्यांना लागत नाही असं धरून चालू नका, आमच्या शेजाऱ्यांचं ऐन वेळी तसं झालं, बायकोचा व्हिसा राहिला आणि तो एकटाच गेला.

मांडवीकाठ

बाई अजून एक, तुम्ही नोव्हेंबरमध्ये जाताय तर शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी गू ग्वानइन नावाच्या देवळात एक गिंकोचं झाड आहे, चौदाशे वर्षांचं सांगतात, सम्राट ताइझोंगने लावलं म्हणतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून ते अख्खं पिवळं होतं आणि खाली अंगणभर पानांचा सडा पडतो. गर्दी फार असते, रांग लागते, पण आपल्याकडे पानगळ अशी दिसतच नाही त्यामुळे मला फार अप्रूप. बाबांना रांग झेपली तरच जा.

फोंड्याची बाई

आज रात्री जेवताना सगळं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले झाड राहू दे, मला त्या अस्थींच्या देवळात बसवा आणि तुम्ही फिरून या. मुलाने रथांचे फोटो शोधून काढले आणि आता तोही म्हणतो एक दिवस नाही, सैनिकांना दीड दिवस हवा. तर पाच रात्रींच्या सहा करतोय, दक्षिण वेशीजवळ.

आगशीहून दादा, त्या शिलालेखाचं ६३५ मी उद्याच फळ्यावर लिहिणार आहे, हर्ष आणि पुलकेशीच्या शेजारी तिसरा रकाना करून. आणि ती प्रश्न विचारणारी मुलगी, तिला मी शिंगज्याओच्या अंगणातलं एक पान आणून देईन म्हटलंय, खाली पडलेलं. असं पान वहीत घालून आणलं तर कस्टमला चालतं का, कोणाला माहीत असेल तर सांगा, नाहीतर फोटोच आणेन.